थावरा नाईकाच्या मिठातला नाग

मित्रांनो, मला पाहून आधी हात जोडू नका. मी एक जुना, वाळलेला मासा आहे.

तुम्हाला मी साप दिसत असेन, तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. माझं अंग लांब, गोल आणि दोरीसारखं आहे. अंगावर खवले नाहीत. डोक्यामागे दोन पर आहेत, पण ते इतके लहान की ते आहेत याची आठवण मलाच ठेवावी लागते. या रूपाचा समुद्रात मला कधी काही उपयोग झाला नाही. जमिनीवर आल्यावर मात्र केवळ त्याच्या जोरावर मी बरीच वर्षं न्यायाधीशाची जागा भूषवली.

माझा जन्म समुद्राच्या एका खाडीतला. वाम नावाच्या लांबट माशाच्या गोतातले आम्ही, पण वामीसारखे पाण्यात मिरवत नाही. आम्ही वाळूत राहतो. आमची शेपटी खुंटीसारखी टणक असते. तीच वाळूत खुपसायची आणि मागे मागे सरकत सगळं अंग आत न्यायचं. बाहेर राहतं ते नाक आणि दोन डोळे. जगाकडे तोंड करून मागे सरकत जायचं, ही आमच्या कुळाची रीत. पुढे माणसांत राहिल्यावर मला कळलं की ती फक्त आमचीच नाही.

एका उधाणाच्या भरतीला मी वाहत मिठागरात शिरलो. मिठागराचे लोक बांधाची फळी उघडून समुद्राचं पाणी वाफ्यात घेतात, मग फळी लावतात आणि उन्हाची वाट बघतात. मीही बघत बसलो. पाणी आटत गेलं. मी सवयीप्रमाणे चिखलात शिरलो, पण चिखलही मिठाचा झाला होता. त्या वर्षी मिठासाठी देशभर माणसं तुरुंगात जात होती. मीही मिठातच अडकलो, पण माझ्यासाठी कोणी घोषणा दिली नाही.

मिठाच्या ढिगातून मी पोत्यात गेलो, पोत्यातून मालगाडीत, आणि मालगाडीनं हिंगोलीला उतरलो. तिथल्या बाजारात ते पोतं साखरा गावाजवळच्या तांड्याच्या नाईकानं घेतलं. नाईक म्हणजे तांड्याचा कारभारी. त्याचं नाव थावरा. त्याचे बापजादे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्रापासून इकडे आणत. मग आगगाडी आली, बैल नांगराला लागले आणि माणसं ज्वारी-कापसाला. थावरा अगदी लहान असताना शेवटच्या एका खेपेला वडिलांबरोबर समुद्रापर्यंत चालत गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तांड्यातली माणसं बंजारा, आपसात आपली गोरमाटी बोली बोलत. मी तुम्हाला ती बोलणी या मुलखाच्या मराठीत सांगतो. भाषा बदलली तरी भांडणं तीच राहतात.

थावराची बायको धुरपताबाई हिनं मीठ काढायला पोत्यात हात घातला आणि मला बाहेर ओढलं. मग जे ओरडली, ते ऐकून सगळा तांडा धावत आला.

"नाग! मिठात नाग!"

थावरा पुढे आला. त्यानं मला उलटंपालटं केलं, डोक्यामागचे पर चिमटीत धरून पाहिले आणि हळूच वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटलेली मी पाहिली. 'अरे, हा तर मासा,' हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात गर्दीतून बाबूसिंग नावाचा माणूस लटपटत पुढे आला आणि थावराच्या पायाशी बसला.

"नाईक, माफी करा. ती शेळी मीच नेली."

त्याचं असं झालं होतं. या लोकांत शपथ घ्यायची ती मिठावर. लोट्यातल्या पाण्यात मिठाचा खडा टाकायचा आणि म्हणायचं, मी खोटं बोलत असेन तर माझं घर असं विरून जावो. बाबूसिंगनं त्याच आठवड्यात तशी शपथ घेऊन शेळी नाकारली होती. आता मिठातून नाग निघाला म्हटल्यावर तो कोणासाठी निघाला, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

थावरानं ओठावर आलेला मासा गिळला. अलीकडे लोक मिठाची शपथ चहासारखी घेऊ लागले होते. हिंगोलीची निजामाची कचेरी लांब होती. तिथे कागद उर्दूत चालत आणि तिथे गेलेली भांडणं म्हातारी होऊन परत येत. तांड्यात भांडण तुटावं म्हणून एक भीती हवी होती, आणि ती पोत्यातून आयती निघाली होती. त्यानं मला एका मडक्यात मीठ घालून ठेवलं आणि सांगितलं, "इथून पुढं ज्याला शपथ घ्यायची, त्यानं मडक्यात हात घालून नाग उचलायचा. खऱ्याला काय भेव?"

मित्रांनो, माझे चांगले दिवस तेव्हा सुरू झाले. माझ्या डोक्याला हळद लागली. नागपंचमीला बाया लाह्या घेऊन आल्या आणि मडक्यापाशी दुधाची वाटी ठेवून गेल्या. ते दूध मांजरानं प्यायलं आणि नागानं नैवेद्य घेतला असं ठरलं. मी हरकत घेतली नाही. कुऱ्हाडीची, शेताच्या धुऱ्यावरच्या हद्दीच्या दगडाची, पळवून नेलेल्या वासराची अशी कितीतरी भांडणं माझ्यापुढे आली. खोटा माणूस मडक्याच्या तोंडाशी येऊन घामाघूम होई आणि खरं सांगून टाकी. खरा माणूस डोळे मिटून मला उचले. मी एकही निकाल दिला नाही. निकाल भीतीनं दिले आणि हार मला मिळाले. माझी कीर्ती गावापर्यंत गेली. साखऱ्याचे माळकरी शेतकरी दगडोबा, जे एकादशी चुकवत नसत आणि नरसीच्या वारीला नेमानं जात, त्यांनीही एकदा लेकराच्या तापावर माझ्या मडक्यातलं चिमूटभर मीठ श्रद्धेनं नेलं.

धुरपताबाईला मात्र लवकरच संशय आला होता. मडकं तिच्या चुलीमागे होतं आणि पावसाळ्यात त्याला वास येई. तिनं एकदा नवऱ्याला विचारलं, "आवो, नागाला असा बाजारातल्या सुकटीसारखा वास येतो का?" थावरा म्हणाला, "जुना झालाय." ती म्हणाली, "तुमी बी झालाव. तुमाला न्हाई येत." पण चारचौघांत ती कधी बोलली नाही.

आता माझ्या शेवटच्या निकालाची गोष्ट सांगतो. ती हसण्याची नाही.

तांड्यात शंकरसिंग नावाचा शेतकरी होता. नाल्याकाठी त्याचं एक वावर होतं, फार मोठं नाही, पण काळ्या मातीचं. भादव्यात निंदण करताना धुऱ्यावरच्या बिळातून त्याला पान लागलं. इकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्याची बायको मोतीबाई जवळच होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडत राहिली. शेजारच्या वावरातून त्याचा धाकटा भाऊ फुलसिंग धावत आला. बाकीचे पोचेपर्यंत शंकरसिंग गेला होता. मरताना त्याच्याजवळ ही दोनच माणसं होती.

दिवाळी झाली, कापूस फुटला, आणि फुलसिंगनं आपले बैल त्या वावरात नेऊन बांधले. म्हणाला, "भाऊ जाताना मला म्हणला, वावर तू घे."

मोतीबाई म्हणाली, "ते फकत पाणी म्हणले. दुसरं काय बोलले न्हाईत."

तिला मिरा नावाची एक लहान मुलगी होती. वावर गेलं असतं तर मायलेकींना तांडा सोडून माहेरच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि माहेरी आता फक्त भावजया उरल्या होत्या. दोघांच्या बोलण्याला साक्षीदार मेलेला. म्हणून भांडण माझ्याकडे आलं.

पंचायत बसायची त्या सकाळी धुरपताबाई चुलीपुढून म्हणाली, "आज त्या पोरीला मडक्यापाशी नेऊ नका."

"काहून?"

"काहून म्हणून काय इचारता? तिच्या मांडीवर नवरा गेला, पान लागून. अन तिला म्हणणार, नाग उचल?"

"रीत हाय," थावरा म्हणाला. "खऱ्याला काय भेव?"

"तुमाला एक सांगू? भेव खऱ्यालाच असतं. खोट्याजवळ जायला काय असतं?"

थावरा उठला. मडकं उचललं आणि लिंबाखाली नेऊन ठेवलं.

सगळा तांडा जमला होता. पंचांत हिरासिंग होता, वयानं थावराखालोखाल आणि आपण नाईक का नाही हे अजून न समजलेला. साखऱ्याहून दगडोबाही आले होते, कारण त्यांचं शेत त्या वावराला लागून होतं. बाया एका बाजूला बसल्या होत्या.

आधी फुलसिंग उठला. मागे दुष्काळात तो समुद्राकडे मजुरीला गेला होता आणि येताना रंगीत फेटा आणि मोठ्यानं बोलायची सवय घेऊन आला होता. त्यानं बाही वर केली आणि सरळ मडक्यात हात घातला.

मित्रांनो, माझ्यावर कितीतरी हात पडले होते. सगळे मला सापासारखे धरत, म्हणजे मानेमागे दाबून, जीव मुठीत घेऊन. फुलसिंगनं तसं धरलं नाही. त्यानं माझ्या कल्ल्यात अंगठा घातला, बाजारात मासे धरतात तसा, आणि मला वर उचलून सगळ्यांना दाखवलं.

"भाऊ मला वावर देऊन गेला. खोटं असंल तर ह्यो नाग मला इथंच डसो," तो म्हणाला. वर हसून विचारलं, "अजून किती वेळ धरू? हात दुखून राहिला."

लोकांत वाहवा झाली. मी लटकत होतो आणि माझी नजर थावरावर होती. थावराची नजर फुलसिंगच्या अंगठ्यावर होती.

फुलसिंगनं मला परत मिठात ठेवलं, मग मोतीबाई आली. ओढणी पुढे ओढलेली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. हात तेवढा दिसला. तो मडक्याच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. बोटं थरथरायला लागली. तिनं हात मागे घेतला, ओढणीला पुसला, पुन्हा पुढे आणला. या वेळी बोटांची टोकं मिठाला लागली. माझं डोकं तिला दिसलं असावं. तिच्या तोंडून एक बारीक आवाज आला आणि ती मडक्यापाशीच खाली बसली.

मला ओरडावंसं वाटलं. 'बाई, मी मासा आहे. मी आयुष्यात खेकड्याच्या पिलांपलीकडे कोणाला चावलो नाही.' पण मासे जिवंतपणीही बोलत नाहीत.

"हात मागं आला," हिरासिंग म्हणाला. "झालं. समद्यांनी बघितलं."

"काका," मोतीबाई खाली बघूनच म्हणाली, "मी खोटं न्हाई बोलले. माझा हातच जाईना."

"पोरी, मडक्याफुडं समदे असंच म्हणत्यात. नाईक, सांगा निकाल. उन्हं चढून राहिली."

थावरापुढे दोन रस्ते होते. निकाल द्यायला एक शब्द पुरला असता. तांडा उठून गेला असता, मी मडक्यात राहिलो असतो आणि माझी कीर्ती आणखी वाढली असती. दुसरा रस्ता धरला असता तर इतक्या वर्षांचं नाईकपण त्याच उन्हात सुकायला पडलं असतं. म्हातारा दोन्ही रस्ते बघत होता. मिरा आईच्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

बायांतून धुरपताबाईचा आवाज आला. "बोला की. का मिठानं जीभ जड झाली?"

थावरा उठला. म्हणाला, "चुलीतला इस्तू आण."

धुरपताबाईनं खापरातून निखारे आणले. जणू ते तिनं आधीच काढून ठेवले होते. थावरानं मला मडक्यातून बाहेर काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि माझी शेपटी कडकन मोडली. बायांनी कानांवर हात ठेवले. हिरासिंग अर्धवट उठला. "नाईक! नाग मोडला!"

थावरानं शेपटीचं टणक टोक काढून टाकलं, तुकडा निखाऱ्यावर धरला आणि उलटसुलट केला. धूर निघाला. धुराबरोबर वास पसरला, आणि तो वास हिंगोलीच्या बाजारात सुकी मासळी विकत घेतलेल्या प्रत्येक नाकानं ओळखला. थावरानं तुकडा फुंकला, तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर चावून खाल्ला. जुना होतो मी. त्याला बराच वेळ चावावं लागलं.

"मासा हाय," तो म्हणाला. "वाळूत ऱ्हातो. मी लहानपणी बाबासंगं बघितलेला. पोत्यातून निघाला त्या दिवशीच वळखला होता, अन तुमच्यापासून लपवला."

पहिला बाबूसिंग बोलला. "म्हंजे मी माशाला भेऊन कबूल झालो?"

"व्हय."

"मग ती शेळी परत द्या."

"तू चोरलीच होती की रे!"

"चोरली होती, पण माशापुढं कशाला सांगितलं असतं!"

काही जण हसले. दगडोबा मात्र गळ्यातल्या माळेला हात लावून उभे होते. "आरं देवा. मी त्यातलं मीठ नेलं होतं की लेकराला!"

"काही होत न्हाई भाऊ," धुरपताबाई म्हणाली. "ताप उतरला ना?"

"उतरला."

"मग गप बसा."

थावरानं हात वर केला, तसं हसणं थांबलं. तो फुलसिंगकडे वळला. "मला हे ठावं होतं. अन तुला. मिठागरावर राहिलास तू. अंगठा कुठं घातलास ते बघितलं मी. मासा हाय हे ठावं असून सांगितलं काहून न्हाईस?"

फुलसिंगनं फेटा सावरला. "तुमी बी सांगितलं न्हाई, नाईककाका."

"बराबर. त्याची सजा मी घेईन. आता तू असं कर. धुऱ्यावरचं ते बीळ अजून हाय. तितं चल. हात घालू नको. बिळाजवळ बस, शंकर जितं पडला तितं, अन तेच एकदा बोल. आमी समदे येतो."

फुलसिंग उभा राहिला. चार पावलं गेला. मग त्याला बैलांना पाणी पाजायचं आठवलं. मग काटा टोचला. मग तो एका दगडावर बसला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

मोतीबाई तोपर्यंत उठून उभी राहिली होती. "मी येते," ती म्हणाली.

"तुला भेव न्हाई वाटत?" हिरासिंगनं विचारलं.

"वाटतं की. पर मी रोजच जाते तितं. कापूस येचाया."

त्यानंतर निकाल असा कोणी सांगितला नाही. फुलसिंगनं संध्याकाळच्या आत बैल सोडून नेले.

थावरानं नाईकपण त्याच दिवशी खाली ठेवलं आणि हिरासिंगनं ते फार आग्रह न करता उचललं. पुढे मला हळद लागली नाही. नागपंचमीला लाह्या आल्या नाहीत. मांजरही मडक्याकडे फिरकेना. हिरासिंगनं पंचायतीत पुन्हा लोट्यातलं मीठ सुरू केलं. लोक पूर्वीसारखं थोडं खरं आणि थोडं खोटं बोलू लागले. काही जण थावराशी बोलत नव्हते. इतकी वर्षं आपण माशाला पाया पडलो याचा राग माणसाला माशावर काढता येत नाही. थावरा अंगणात बसून राही, आणि कापसाच्या वेचणीत मोतीबाई न बोलता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून जाई.

मला टाकूनच देणार होते. मोतीबाईनं मागून घेतलं. धुरपताबाई म्हणाली, "काय करतीस गं त्याचं? खायला बी न्हाई ऱ्हायला." मोतीबाई म्हणाली, "असू द्या." मला वाटलं, उपकार म्हणून नेत असेल. तसं नव्हतं. घरी नेऊन तिनं मला दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वावरात जायच्या आधी माझ्यावर एक बोट टेकवलं. लगेच काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा टेकवलं. मिरा आईला विचारी, "याडी, मासा हाय ना तो?" ती म्हणे, "मला ठावं हाय गं. हाताला ठावं व्हायचंय."

मित्रांनो, आता सन अठ्ठेचाळीस चालू आहे. बाहेरचे दिवस वाईट आहेत. बरीच माणसं चीजवस्तू गाड्यांत घालून कनेरगावच्या नाक्यापलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर गेली आहेत. उरलेली कान देऊन झोपतात. निजामाचं राज्य जाणार असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं नाही. मी त्यावर मत देत नाही. निकाल देणं मी सोडलं आहे.

माझी शेपटी गेली आहे आणि एका बाजूला मुंग्यांनी थोडं काम केलं आहे. तरी माझी काळजी करू नका. मिठात मुरलेला मी, टिकेन. एवढीच विनंती आहे, की कोणाचा हात थरथरताना दिसला तर लगेच त्याला खोटा ठरवू नका. त्या हातानं आधी काय धरलं होतं, ते विचारा. माझ्यापुढे इतके हात आले, पण हे कोणी विचारलं नाही, आणि मला विचारता येत नव्हतं.

रात्री पाऊस झाला. नाल्याकाठच्या वावरात गवत माजलं आहे. आज सकाळी मोतीबाईनं खुरपं घेतलं, मिराला धुरपताबाईकडे सोडलं आणि परत येऊन कोनाड्यात पूर्ण तळहात माझ्यावर ठेवला. हात अजूनही थरथरत होता. तो तिनं तसाच थोडा वेळ ठेवला, मग ओढणीला पुसला आणि निंदायला गेली.